उकळीचा माळ

हिवरखडीच्या पश्चिमेला, बिरोबाच्या देवळामागे, एक उघडा माळ आहे. माणदेशातल्या कुठल्याही माळासारखाच. वर पांढरी माती, खाली मुरूम, मध्ये मध्ये पाय अडखळावा एवढे दगड. देवळाच्या ओट्यावर उभं राहून पाहिलं तर मात्र एक गोष्ट वेगळी दिसते. माळावर तरवडाची झुडपं चंद्रकोरीच्या आकारात उभी आहेत. एका कोरीमागे दुसरी, दुसरीमागे तिसरी, अशा कितीतरी. फुलांच्या दिवसांत तर पांढुरक्या माळावर कुणीतरी हळदीचा हात ओढून गेल्यासारखं दिसतं.

तरवड काही दुर्मिळ नाही. रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, जिथे दुसरं काही उगवायला तयार नसतं तिथे तो छातीएवढा वाढतो आणि न मागता फुलतो. त्याच्या काडीनं म्हातारी माणसं दात घासतात, उन्हाचा ताप झाला की पाला डोक्यावर बांधतात, पूर्वी त्याच्या सालीवर कातडं कमावत. मेंढरू त्याला तोंड लावत नाही. इतकी वर्षं मीही एस.टी.च्या खिडकीतून तो पाहिला होता आणि एकदाही नीट पाहिला नव्हता. पण तो असा वळण घेऊन, कुणी आखून दिल्यासारखा उगवलेला मी इथेच पाहिला.

या माळाला 'उकळीचा माळ' म्हणतात. गावात नवी सून आली की "लग्न कसं झालं?" असं कुणी विचारत नाही. "उकळी दिली का?" असं विचारतात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दारावरून जाणाऱ्या एका गृहस्थांनी मला तसं विचारलं, तेव्हा मी चहा टाकायला उठले होते.

उकळी म्हणजे काय ते मला आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दाखवलं. सांगितलं नाही. त्या सांगत बसणाऱ्यातल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं करून त्यांनी मला मोठ्यानं विचारलं, "ओटीत काय आणलंस?" मी इतक्या हळू उत्तर दिलं की तेच तीनदा द्यावं लागलं. तांदूळ, नारळ, हळकुंड आणि तरवडाचं बी. हे बी सुनेनं माहेराहून आणायचं असतं. आमच्या कराडात ते मिळवायला मामांना स्कूटर घेऊन दोन दिवस हिंडावं लागलं होतं. माझी ओटी मावशीनं भरली. बाबा गेल्यापासून आई अशा वेळी मागे, दाराशी उभी राहते. शेंगा फोडून बी निवडायचं काम मात्र तिनंच केलं. त्याला कुणाची हरकत नव्हती.

मग अंगणात तीन दगडांवर मडकं चढलं. पाण्याला उकळी फुटली, आत्यांनी मडकं खाली उतरवलं, बी आत टाकलं, वर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, "झालं. आता सकाळी माळावर. आणि हे बघ, झाडू उचलायचा नाही, भांड्याला हात लावायचा नाही. उगवेपर्यंत तू पाहुणी."

सकाळी माळावर आत्या, हे आणि मी, आम्हा तिघांच्या आधी म्हाकूबापू हजर होते. बापू म्हणजे बिरोबाचे पुजारी. वय विचारलं तर म्हणतात, "दुष्काळ मोजा." नव्या सुनेला माळाची गोष्ट सांगायचा मान त्यांचा. आमच्यासोबत देवाला आलेलं सांगोल्याकडचं एक जोडपंही होतं, तेही ऐकायला बसलं. बापूंनी पटका सारखा केला, त्यात खोचलेला तरवडाचा पाला बदलला आणि सुरुवात केली. त्यांनी सांगितलं ते असं.

फार पूर्वी, म्हणजे बापूंच्या आजोबांनाही ही गोष्ट त्यांच्या आजोबांनी सांगितली होती इतक्या पूर्वी, या गावात कोंडाई नावाची एक धनगरीण होती. घरात नवरा होता, पण घर कोंडाईच्या आवाजावर चाले. तिचा मुलगा सिदू. हा माळ तेव्हा साफ बोडका होता म्हणे. मेंढरांनी गवत मुळासकट खाल्लेलं, आणि पश्चिमेचा वारा सुटला की अख्खा माळ उठून गावात यायचा. भाकरीत माती, पाण्यात माती, झोपलेल्या पोरांच्या पापण्यांवर माती. चरायला काही उरलं नाही म्हणून मेंढरं दर वर्षी लांब, आणखी लांब न्यावी लागत.

अशा एका कोरड्या वैशाखात सिदूचं लग्न ठरलं. मुलगी खालच्या अंगाच्या एका वस्तीवरची, नाव झुंबर. बाप लहानपणीच गेलेला, भाऊ नाही. आई तरवडाची साल काढून चांभारांना द्यायची, त्यावर मायलेकी जगायच्या. लग्न लागलं, पाठवणीची वेळ आली, आणि ओटी भरायला घरात दाणा नव्हता. दुसरीकडे मागायला जावं तर त्या वर्षी सगळ्यांचीच कणगी रिकामी.

रिकामी ओटी घेऊन लेक सासरी जात नाही. झुंबरच्या आईनं शिंक्यातली पुरचुंडी सोडली. तिच्यात तरवडाचं बी होतं. ते तिनं लेकीच्या ओटीत घातलं, वर गाठ मारली. विधवेनं ओटी भरू नये, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. भरायला दुसरं कोणी नव्हतं. ती लेकीला म्हणाली, "हे दाणं न्हवं, बी हाय. लपवू नगं. घरात पाय टाकायच्या आदी आत्याच्या कानात सांग."

"मग तिनं सांगितलं नाही?" सांगोल्याच्या बाईंनी विचारलं.

"तिला कुणी इचारलंच न्हाई," बापू म्हणाले. "नवी नवरी. मोठ्यांनी बोलल्याबिगर बोलायचं न्हाई, आसं शिकवल्याली. हितं आली तर जो त्यो म्हणतोय, सर की, बस की, वाकून पाया पड की. 'बाळ, ओटीत काय हाय?' आसं एक माणूस म्हणंल तर शपथ! ती आपली वाट बघत बसली, आता इचारतील, मग इचारतील."

त्या काळी इथे एक रीत होती. नवरीच्या ओटीतलं धान्य दुसऱ्या दिवशी सासरच्या चुलीवर शिजायचं आणि सगळ्या भावकीनं त्यातला एकेक घास खायचा. तो घास पोटात गेला की नवरी घरची झाली. तोवर तिनं उंबऱ्याबाहेरच बसायचं. पहाटे कोंडाईनं ओटी सोडून घेतली. घरात धूर, दार लहान, आणि कोंडाईची नजरही तेव्हा अधू व्हायला लागली होती. हाताला बी लागलं, चपटं, गुळगुळीत, तपकिरी. तिला वाटलं हुलगे. गरिबाघरचं आहे, हुलगे तर हुलगे, असं म्हणत तिनं ते मडक्यातल्या पाण्यात टाकले आणि खाली जाळ लावला.

भावकी अंगणात येऊन बसली. पाण्याला पहिली उकळी आली तशी कोंडाईच्या थोरल्या जावेनं झाकण काढलं. शिजलंय का बघावं म्हणून एक दाणा दाताखाली घेतला. जो आवाज झाला तो म्हणे अंगणात ऐकू आला. दाणा नव्हे, दाढ.

"अगं बया, कोंडे!" थोरली गाल धरून बाहेर आली. "हुलगं न्हवं हे, तरवाड हाय! सुनंनं आम्हांला मेंढरं समजून चारा आणलाय!"

"मेंढरं तरी कुठं खात्यात!" कुणीतरी म्हणालं, आणि अंगण हसण्यानं भरून गेलं.

इथवर कोंडाईनंही सोसलं असतं. तीही थोडी हसलीच होती म्हणतात. पण थोरल्या जावेची दाढ ठणकत होती. ती म्हणाली, "रांडमुंडीच्या हातानं भरल्याली वटी. तिच्यातनं दुसरं काय निघणार?"

हसणं थांबलं. कोंडाईनं उंबऱ्याबाहेर बसलेल्या झुंबरकडं पाहिलं. झुंबरनं मान वर केली नाही. "हे खरं हाय?" कोंडाईनं विचारलं. हा त्या घरात तिला विचारलेला पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर खरंच 'होय' होतं. झुंबरनं मान हलवली.

भावकीपुढं कोंडाईची मान कधी खाली गेली नव्हती. ती आत गेली, ते उकळतं मडकं तसंच पदरानं धरून बाहेर आणलं, देवळामागं या माळावर आली आणि अंगातल्या सगळ्या जोरानं हात फिरवून तिनं मडक्यातलं पाणी आणि बी भिरकावून दिलं. मग देवळात गेली, बिरोबापुढचा मूठभर भंडारा उचलला आणि सगळ्यांच्या देखत बोलली, "ज्या दिशी हे शिजल्यालं बी उगवंल, त्या दिशी ही पोरगी माझा उंबरा वलांडंल. तवर न्हाई."

भंडारा उचलून बोललेला शब्द माघारी घेता येत नाही. बोलणाऱ्यालाही नाही, पंचांनाही नाही. आणि शिजलेलं बी उगवत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणजे झुंबरचं लग्न त्या क्षणी मोडल्यातच जमा होतं. फक्त बारा दिवसांनी माहेराहून मूळ येणार होतं, म्हणजे तिला चार दिवसांसाठी न्यायला माणूस येणार होता. त्याच्याबरोबर ती जाणार आणि पुन्हा येणार नाही, एवढंच उरलं होतं. एकदा लग्न लागून परत आलेली लेक घेऊन त्या विधवेनं त्या वस्तीवर कसं जगायचं, हे कुणी बोललं नाही. पण सगळ्यांना कळत होतं.

सिदू आईपुढं बोलणारा नव्हता. त्यानं एवढंच केलं की माळाच्या कडेला, मेंढरांच्या वाघरीच्या जाळीशेजारी घोंगडी टाकून झुंबरला आडोसा करून दिला आणि स्वतः बारा दिवस देवळाच्या ओट्यावर झोपला. बापूंच्या मते हेही पुष्कळ होतं. त्यांनी हे सांगताना आमच्या 'यांच्या'कडं पाहिलं. हे देवळाचा कळस पाहू लागले.

झुंबर पहिल्या दिवशी रडली असेल. तसं सांगत मात्र नाहीत. सांगतात ते हे, की ऊन कलल्यावर ती उठली आणि माळावर बसून बी शोधू लागली. कोंडाईनं हात फिरवून फेकलं होतं, तेव्हा ते कोरीच्या आकारात पसरलं होतं. झुंबरनं एकही दाणा उचलून दुसरीकडं नेला नाही. जो जिथं पडला तिथंच बोटानं माती उकरून आत दाबला. रागानं फेकलं तर फेकलं, घरातूनच आलंय, असं तिला वाटलं असावं.

तिची आशा अगदीच वेडी नव्हती. तरवडात वाढलेली पोर ती. माळाला वणवा लागून सगळं काळं झालं की महिन्याभरात पहिला हिरवा कोंब तरवडाचा निघतो, हे तिनं दर दोन-तीन वर्षांनी पाहिलं होतं. आणि न जळलेल्या जागी तेच बी वर्षानुवर्षं दगडासारखं पडून राहतं, हेही. जे आगीनं मरत नाही ते एका उकळीनं कसं मरेल? पण हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पुन्हा तेच. कुणी विचारलं नाही.

घरात घ्यायचं नाही असा शब्द होता, तहानेनं मारायचं असा नव्हता. दारी आलेल्या पाहुण्याला पाणी द्यावंच लागतं. ते दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावं तर आणखी बोभाटा. म्हणून कोंडाई स्वतः सकाळी एक आणि संध्याकाळी एक तांब्या घेऊन माळावर यायची, एका दगडावर ठेवायची आणि न बोलता परत फिरायची. पाण्याच्या टंचाईचे दिवस, असे की घरातल्या माणसांनाही मोजूनमापून मिळायचं.

तिसऱ्या दिवशी कोंडाईच्या लक्षात आलं की पोरीचे ओठ फुटलेत आणि माळावर ओल्या ठिपक्यांची एक कोर उमटलीय. झुंबर अर्धा तांब्या पीत होती, अर्धा बियांना घालत होती. चुळकाचुळकानं, एकेका दाण्याला. कोंडाई परत गेली. त्या संध्याकाळी दगडावर दोन तांबे होते. एकाचं पाणी कोंडाईच्या स्वतःच्या वाट्याचं होतं, असं सांगतात. कसं कळलं विचारू नका. घरात किती तांबे येतात आणि कोण तहानेलं झोपतं, हे वस्तीवर सगळ्यांना कळतं.

सहाव्या-सातव्या दिवशी दोघींचं बोलणं नसलं तरी कामाची वाटणी झाली होती. कोंडाई वाऱ्याच्या बाजूला दगडांचा बांध घालायची, बी उघडं पडू नये म्हणून. झुंबर पाणी घालायची. थोरली जाऊ देवळात आली की मुद्दाम वळून बघायची. "काय कोंडे, पीक कसं हाय यंदा?" कोंडाई म्हणायची, "तुझी दाढ कशी हाय?"

आठ झाले, दहा झाले, अकरावा दिवस आला. माळावर काही नाही. उद्या मूळ येणार.

अकराव्या दिवशी, दिवस मावळायला आला असताना, कोंडाई ओढ्याच्या बाजूनं चढून आली. पदराखाली काहीतरी झाकलेलं. झुंबरजवळ येऊन तिनं पदर काढला. आत तरवडाची वीतभर उंचीची पाच-सहा रोपं होती, ओल्या मुळ्यांसकट उपटलेली. हातात खुरपं. तिनं एकदा देवळाकडं पाठ आहे ना हे पाहिलं आणि ती कोरीच्या कडेला बसून माती उकरायला लागली.

आपलाच शब्द चोरून मोडायला निघालेली ती बाई पाहिली की अजून अंगावर काटा येतो, असं बापू म्हणाले. भंडाऱ्याची शपथ खोटी करणाऱ्याच्या घराचं काय होतं, हे तिला ठाऊक होतं. तरी ती आली होती.

तेव्हा झुंबर त्या गावात पहिल्यांदा बोलली. तिनं कोंडाईचं मनगट धरलं. "आत्या, नगं. दुसरीकडचं बी माज्या वटीत घालू नगा. माज्या आयनं दिलं त्येच उगवंल, न्हाईतर मी जाईन."

"आगं, जाशील कुटं?" कोंडाई ओरडली. "तुजी आय काय करील तुला घिऊन? मला कळतंय ती कशी जगत आसंल! मला आदी कळाय पायजे हुतं, त्ये कळलं न्हाई! आता हात सोड!"

आणि हिसका देऊन तिनं खुरपं मातीत घातलं.

मातीचं एक ढेकूळ उलटलं. त्याच्या खालच्या अंगाला, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, पांढरं असं काहीतरी वाकून बसलं होतं. डोकं खाली, मान वर. नवी नवरी बसते तसं. कोंडाईची नजर अधू. तिला ते दिसलं नाही, झुंबरनं तिचं बोट धरून त्यावर ठेवलं. मऊ, ओलं, जिवंत.

कोंडाईच्या हातातलं खुरपं गळून पडलं. दोन्ही तळव्यांनी तिनं ते ढेकूळ परत होतं तसं बसवलं, वर चिमटीनं माती घातली, आणि ओढ्यातली रोपं घेऊन तशीच उठली. ती तिनं फेकली नाहीत. ओढ्यात परत नेऊन लावली म्हणे, आणि मग माळावर येऊन बसली. घरी गेली नाही. सिदूनं देवळाच्या ओट्यावरून पाहिलं आणि दुसरी घोंगडी आणून दिली.

झुंबरच्या आईकडं मूळ म्हणून पाठवायला कोणी पुरुषमाणूस नव्हतं, तेव्हा बाराव्या दिवशी सकाळी ती स्वतःच चालत आली. देवळाच्या वळणावर तिला कुणीतरी सगळं सांगितलं. ती पाय ओढत माळावर पोहोचली तर काय दिसावं? तिची लेक आणि तिची विहीण, दोघी जमिनीला पोट टेकून पालथ्या पडलेल्या, हनुवटी मातीवर, आणि गप्प. दोघी मेल्या की काय, असं तिला वाटलं.

"विहीणबाई, पाय जपून!" कोंडाई मान न वळवता ओरडली. "पोरं उठल्याती!"

माळावर कोरच्या कोर उगवली होती. दोन दोन जाड हिरवी पानं, कुणाच्या डोक्यावर अजून बियाचं टरफल टोपीसारखं अडकलेलं. सगळं गाव बघायला आलं. थोरली जाऊही आली, गालावर हात ठेवून.

इथे सांगोल्याचे गृहस्थ म्हणाले, की त्यांनी कृषी अधिकाऱ्यांकडून ऐकलंय, अशा बियांचं कवच फार कठीण असतं, गरम पाण्यात टाकलं की ते सैल होतं आणि मगच बी उगवतं. उकळी दिली म्हणूनच उगवलं असणार, त्यात चमत्कार नाही.

"आसंल," बापू म्हणाले. "पर कोंडाईला त्ये कुणी सांगितलं हुतं? तिनं तर रागानं फेकलं." आणि पुढं म्हणाले, "आन मी कुटं म्हणलं बी उगवलं ह्यो चमत्कार? चमत्कार म्होरंच हाय. ऐका."

शब्द पुरा झाला होता. कोंडाईनं झुंबरचा हात धरून तिला घराकडं आणलं. पण उंबऱ्यापाशी थांबली, आत गेली आणि सूप घेऊन बाहेर आली. सुपात हुलगे होते, घरातले शेवटचे. झुंबरला वाटलं आपल्यासाठी. कोंडाई तिला ओलांडून पुढं गेली आणि तिच्या आईसमोर उभी राहिली. "विहीणबाई, पदर पसरा."

विधवेची ओटी कुणी भरत नाही. झुंबरची आई दोन पावलं मागं सरली आणि तिनं पदर अंगाभोवती आवळून घेतला.

"तुमी भरल्याली वटी माळावर उगवलीया," कोंडाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "माज्या हातानं भरल्यालीचं काय हुतंय त्ये मला बगायचं हाय. पसरा पदर."

आणि झुंबरच्या आईनं पदर पसरला. तोवर झुंबर उंबऱ्याबाहेरच उभी होती. आईची ओटी भरली गेली, मग ती आत गेली.

एवढं सांगून बापू उठले. त्यांनी देवळातला भंडारा आणून माझ्या आणि आत्यांच्या कपाळाला लावला आणि शेवटच्या कोरीच्या पुढची मोकळी जागा दाखवली. आत्या खुरप्यानं उकरत गेल्या, मी बी घालत गेले. गुडघे दुखतात म्हणून त्या मध्ये मध्ये थांबत. मी खुरपं घ्यायला हात पुढं केला की म्हणत, "पाहुणी आहेस ना? मग पाहुण्यासारखी राहा."

पुढचे अकरा दिवस मी पाहुण्यासारखी राहिले. भिंतीवरचं कॅलेंडर पाठच्या जाहिरातींसकट दोनदा वाचून झालं. रोज सकाळी आणि संध्याकाळी आत्या तांब्या भरून माळावर जात. ते काम सासूचं. मी दारात उभी राहून त्यांची पाठ बघे. सासूला पाठमोरं इतकं बघायला मिळालेली सून दुसऱ्या कुठल्या गावात असेल असं वाटत नाही. चौथ्या दिवशी त्यांच्या चालण्यावरून मला कळायला लागलं, गुडघा आज किती दुखतोय ते. सहाव्या दिवशी मी गुपचूप तेल गरम करून ठेवलं. त्यांनी ते पाहिलं, "हे काम आहे का पाहुणचार?" म्हणाल्या, आणि पाय पुढं केला.

बाराव्या दिवशी मूळ म्हणून मामा येणार होते. आत्यांनी फोन करून सांगितलं, "आईंना पाठवा." आई आली. सवयीनं माळाच्या कडेला, सगळ्यांच्या मागं उभी राहिली. उगवलेली पानं तिथूनच दाखव, असं मला म्हणाली. आत्या सूप घेऊन तिच्यापुढं गेल्या. आई मागं सरली, तिनं पदर आवळून घेतला. गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती, तरी अगदी तस्संच केलं.

"धरा," आत्या म्हणाल्या. "सूप जड आहे आणि माझे गुडघे दुखतात."

आईनं पदर पसरला. आत्यांनी हुलगे घातले आणि वर पहिल्या कोरीतल्या जुन्या तरवडाचं एक फूल ठेवलं.

आजही उकळीच्या माळावर लग्नागणिक एक कोर वाढते. पश्चिमेचा वारा त्या झुडपांत अडतो, गावात पूर्वीसारखी माती येत नाही. मेंढरं तरवडाला तोंड लावत नाहीत, म्हणून त्याच्या बुडाशी गवत जगतं, बी धरतं, आणि पावसाळ्यानंतर तेच गवत मेंढरं खातात. नवरात्रात घटाला पहिली माळ आजही याच फुलांची जाते. ती सासूनं आणि विहिणीनं मिळून ओवायची, आणि त्या दिवशी त्या माळावर कुणी मागं उभं राहत नाही. माझी रोपं आता घोट्याच्या वर आली आहेत. फुलायला अजून वर्ष जाईल असं बापू म्हणतात.

आईच्या घरी ते हुलगे अजून पितळी डब्यात आहेत. फोनवर विचारलं, शिजवले का, की म्हणते, "बघू गं. घाई काय आहे?"